आवाज येतोय का, मॅडम?

सकाळी 6.30
चहाबरोबर आजची यादी. सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात बसून पुण्याच्या कंपन्यांसाठी माणसं निवडायची, हे माझं काम. यादीत सातारा-सांगलीकडचे बरेच, आणि त्यातले निम्मे तरी धंदाच बदलायला निघालेले. साखर कारखान्यातल्या शिफ्ट केमिस्टला औषध कंपनीत जायचंय, कोरेगावकडच्या पतसंस्थेतल्या क्लार्कला विम्यात, कुपवाडच्या फाउंड्रीतल्या इन्स्पेक्टरला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. बायोडाटा मात्र सगळ्यांचे एकाच छापाचे : मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड. इतकी वर्षं नक्की काय केलं, त्याचा कागदावर पत्ता नाही.

8.30
चाचणी. मुलाखतीला जिथं बसणार तिथूनच, त्याच फोनवरून लिंक उघडून बघा, असं मी सगळ्यांना आदल्या दिवशी कळवते. एकाचं नाव स्क्रीनवर ‘किंग ऑफ कराड’. बदलून घेतलं. एक जण खिडकीकडे पाठ करून बसलेला, म्हणजे चेहरा काळाठिक्कर. मोबाइल हातात धरू नका, डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीला ठेवा. वीज गेली की वायफायचा डबाही जातो, तेव्हा फोनचा डेटा शिल्लक असू द्या. आणि घरच्यांना बजावून ठेवा. ऐन मुलाखतीत मामाचा फोन येतो, ‘झाली का रं मुलाखत?’ आणि इकडे आवाज बंद.

10.00
पतसंस्थेतल्या ताई. उत्तरं सुंदर, पण नजर डावीकडून उजवीकडे सरकतेय. समोर चिकटवलेला कागद किंवा दुसऱ्या फोनवर यंत्राने लिहून दिलेलं उत्तर वाचणारा माणूस लगेच कळतो. मी विचारलं, ‘मार्चअखेरीला वसुलीला तुम्ही जाता का?’ मग कागद सुटला. जामीनदार कसा टाळतो, सातबाऱ्यावरचा बोजा कुठे बघायचा, फेरफार जुळला नाही तर संशय कशाचा घ्यायचा, सगळं भडाभडा आलं. कागद वाचून खरं-खोटं ओळखायचं, हेच तर विम्याच्या दाव्यांचं काम. त्यांनी ते आपण होऊन सांगितलं नव्हतं, कारण ‘ते आमचं रोजचंच’.

11.30
शिफ्ट केमिस्ट. ‘आवाज येतोय का, मॅडम?’ येतोय. पहिलं वाक्य : ‘औषधातला मला काहीच अनुभव नाही.’ इथेच माणसं हरतात. समोरच्याने विचारण्याआधीच स्वतःला बाद करून टाकायचं.

म्हटलं, औषध राहू द्या, रात्रपाळीत काय करता ते सांगा. सांगू लागले. ठरावीक वेळाने नमुने काढायचे, ब्रिक्स आणि पोल तपासायचे. रसात चुना आणि गंधकाचा वायू सोडल्यावर सामू 7 च्या आसपास राहतोय का बघायचं. ढळला की पुढे साखरेचा रंग बिघडतो. पॅनमध्ये निर्वातात, कमी तापमानाला पाक आटवताना दाणा कधी धरायचा ते पॅनमनबरोबर ठरवायचं. सगळं नोंदवहीत, वेळेसकट. ‘आणि उतारा घसरला तर?’ ते हसले. ‘5000 टन गाळपाला 0.1 टक्का उतारा पडला तर दिवसाला 50 क्विंटल साखर गेली, मॅडम. एमडी झोपू देत नाहीत.’

अहो, द्रावणातून स्फटिक काढणं, नमुने, नोंदी, बिघाड कुठे झाला त्याचा माग : औषधाच्या कारखान्यात वेगळं काय असतं? नियम तिथे जास्त कडक, लिहिलं नाही ते घडलंच नाही असं मानणारे. ते शिकता येतं. पण कारखान्यात समोरासमोर मुलाखत असती तर हातातल्या नोंदवहीनेही काही सांगितलं असतं. पडद्यावर फक्त चेहरा आणि आवाज. जुनं काम तोंडाने, आकड्यासकट सांगितलं नाही तर ते समोरच्यापुरतं झालेलंच नसतं.

दुपारी 1.30
जेवण. इकडची माणसं धंदा बदलायला बिचकतात याचं मला नवल वाटतं. पलूस तालुक्यातलं किर्लोस्करवाडी उभं राहिलं 1910 साली. ते उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत तंत्रशाळेत शिक्षक, मग बेळगावात सायकलींचे दुकानदार, मग कडबा कापायच्या यंत्रांचे आणि लोखंडी नांगरांचे कारखानदार. आजच्या भाषेत हा बायोडाटा ‘अस्थिर’ ठरला असता.

2.30
फाउंड्रीतला मुलगा. ‘कायपण शिकीन.’ हे उत्तर ऐकून कान किटले. शिकीन म्हणू नका, शिकलेलं दाखवा. त्याने दाखवलं, खरं तर विचारल्यावर : बिल भरायच्या एका ॲपमध्ये रक्कम शून्य टाकली तरी पुढे जाता येतं, हे शोधून पायरीपायरीने लिहून ठेवलेलं. कास्टिंगमधलं ब्लोहोल शोधणाऱ्याचीच नजर. ‘जुनं का सोडता?’ यावर मात्र त्याने शेठचा पाढा वाचला. तो गाळायला हवा होता.

4.00
निवड झालेल्या एकीशी पगाराची बोलणी. ‘तुम्ही द्याल तो’ म्हणू नका. सीटीसीच्या आकड्यात मालकाचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. हातात किती पडणार ते स्पष्ट विचारा. जुनी नोकरी 5 वर्षांच्या अगदी जवळ आली असेल तर ग्रॅच्युइटीचा हिशेब करून राजीनाम्याची तारीख ठरवा.

6.00
जतहून एका पोराचा फोन. ‘मुलाखत झाली, आता लॅपटॉपसाठी डिपॉझिट मागतायत.’ खरी नोकरी पैसे मागत नाही. भरले असतील तर थांबू नकोस, आत्ताच 1930 ला फोन लाव.

7.00
शेरे लिहून पाठवते. केमिस्टसाहेबांची शिफारस गुणवत्ता विभागासाठी केली आहे, पण एक पायरी खालच्या पदावर, आणि पगार सध्यापेक्षा फारसा वाढणार नाही. क्षेत्र बदलताना बहुतेकदा असंच होतं, हे त्यांना आधीच सांगितलंय. निवड पक्की झाली आणि सोडायचं ठरलं, तर बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी कारखान्याला कळवा, हेही. हंगाम सुरू झाल्यावर शिफ्ट केमिस्टला कुणी सोडत नाही.