जागच्या जागी सायकल

धावणाऱ्यांची दुखणी : भाग ५

मागच्या भागात नडगीचं दुखणं पाहिलं. आता त्यापुढचा प्रश्न: डॉक्टरांनी ‘तीन आठवडे पळणं बंद’ म्हटलं की करायचं काय? जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांवर ही वेळ बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. पाऊस सरतो, रविवारचा लाँग रन वीस किलोमीटरच्या पुढे जातो आणि नेमका तेव्हाच गुडघा नाही तर नडगी कुरकुरायला लागते. काही जण गोळी घेऊन पळतात. काही जण रुसून घरी बसतात आणि दोन किलो वजन वाढवतात. सोसायटीच्या जिममध्ये टॉवेल टाकायला वापरली जाणारी सायकल कुणाला आठवत नाही.

पळताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून अंगाच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर पायात येतो. मिनिटाला १७० पावलं धरली तर तासाभरात असे दहा हजार धक्के. सायकलवर बूड सीटवर असतं, पाय पायडलवर गोल फिरतो, आपटत नाही. हृदय आणि फुप्फुसांना मात्र पुरेसं काम मिळतं. मांडी पळणारी आहे की पायडल मारणारी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

खरी गोम पुढे आहे. सराव सुरू केला की दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही त्याच्या मागोमाग येतात. पण स्नायूबंध आणि हाडं भक्कम व्हायला महिने लागतात. त्यामुळे वारंवार दुखापत होणारे पुष्कळ जण कच्चे नसतातच, त्यांचा दम हाडांना मागे टाकून गेलेला असतो. अशा माणसाला ‘कमी पळ’ एवढंच सांगून भागत नाही. तो दम कुठेतरी जिरवावा लागतो.

अमेरिकेच्या पार्कर वॅल्बीने हेच केलं. फ्लोरिडा विद्यापीठात असताना दुखापती टाळण्यासाठी ती आठवड्यातून दोन-तीन दिवसच पळायची. बाकीचा घाम आर्क ट्रेनर नावाच्या यंत्रावर गाळायची. ते यंत्र सायकल नव्हे, इलिप्टिकलच्या जातीचं. पण मुद्दा तोच. २०२३ मध्ये ती अमेरिकी विद्यापीठांच्या क्रॉसकंट्री स्पर्धेची विजेती ठरली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावली. नोकरी सांभाळून पळणाऱ्यांनी तिची यंत्रावरची मेहनत मात्र अंगावर घेऊ नये.

सायकल कोणती, यावर फार डोकं खाजवू नका. जी हाताशी आहे ती चालेल. फक्त स्पिन बाइक असेल तर जपून: बहुतेक स्पिन बाइकचं जड चाक पायडलशी थेट जोडलेलं असतं, तुम्ही थांबलात तरी ते पाय ओढून नेतं. थांबायचं तर रेझिस्टन्सची मूठ खाली दाबायची, तोच ब्रेक.

खरा वेळ द्यायचा तो सीटच्या उंचीला. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलंडता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघ्याला आपोआप थोडा बाक येईल, साधारण २५ ते ३५ अंशांचा. जिममध्ये जवळजवळ प्रत्येक सीट यापेक्षा खाली असते, कारण बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकावेत ही रस्त्यावरच्या सायकलची सवय इथेही सुटत नाही. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखला तर आधी सीट वर घ्या. मागच्या बाजूने ओढ बसली तर खाली. एका वेळी अर्धा सेंटिमीटर पुरे.

बुटांचंही पाहा. पळायच्या बुटाचा मऊ तळवा पायडलवर वाकतो आणि टाचदुखीवाल्यांचा तळपाय आणखी चिडतो. त्यांनी कडक तळव्याचे बूट घालावेत. घोट्यामागची शीर दुखत असेल तर चवड्याऐवजी पावलाचा मधला भाग पायडलवर ठेवावा, पोटरीवरचा ताण उतरतो.

पळणारा माणूस सायकलवर बसला की रेझिस्टन्स चढवून घाट चढल्यासारखा रेटत बसतो. गुडघ्याचं नुकसान इथेच होतं. हलकं ठेवा आणि मिनिटाला ८० ते ९० फेरे मारा. मिनिटाला १७० पावलं म्हणजे एका पायाची ८५, तेव्हा ही लय तुमच्या ओळखीचीच आहे. घड्याळातले ठोके पळताना दिसतात त्यापेक्षा पाच-दहाने कमी दिसले तर घाबरू नका, कमी स्नायू कामाला लागतात म्हणून तसं होतं. बोलता येतंय ना, एवढं पाहा. आणि पंखा! जागच्या जागी वारा लागत नाही. मुंबईच्या दमट हवेत पंख्याशिवाय अर्धा तास म्हणजे शिक्षा.

सुरुवात आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटांनी करा. पळणं चालू असेल तर एखाद्या हलक्या रनच्या जागी. त्यात भर म्हणून नव्हे. दोन आठवड्यांनी एक दिवस ४५ मिनिटांपर्यंत न्या आणि दुसऱ्या दिवशी मध्येच एक मिनिट जोरात, एक मिनिट सैल, असं सहा वेळा करा. पडद्यावरच्या किलोमीटरकडे बघू नका, ते यंत्रागणिक बदलतात. मिनिटं मोजा.

हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर सायकललाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं आयटी बँडचं दुखणंही सायकलवर कधीकधी वाढतं. तसं झालं तर त्या दिवशी उतरा.

आता या उपायाची खोड. सायकल हाडांना धक्का देत नाही म्हणून ती तुम्हाला वाचवते, आणि धक्का देत नाही म्हणूनच हाडं मजबूत करत नाही. केवळ सायकलच चालवणाऱ्या कसलेल्या खेळाडूंमध्येही हाडांची घनता कमी आढळते. तीन आठवड्यांनी तुम्ही रस्त्यावर उतराल तेव्हा दम जसाच्या तसा असेल, पाय हलके वाटतील आणि दहा किलोमीटर सहज काढण्याची खुमखुमी येईल. पुष्कळांची दुसरी दुखापत त्याच सकाळी होते. म्हणून परतीच्या पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तीन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, असं पाच वेळा, आणि तेही सपाट रस्त्यावर. कारण घाटात चढण्यापेक्षा उतरताना पायांना जास्त मार बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांत दुखलं नाही, तरच पुढच्या वेळी पळायचं एक मिनिट वाढवा. एवढं करून दम उरलाच, तर घरी येऊन वीस मिनिटं सायकल मारा.