लॅम्पीटर : बाजार आणि विद्यालय

वेल्सच्या पश्चिमेस केरेडिगिअन परगण्यांत टायवी नदीच्या कांठीं लॅम्पीटर हें गांव वसलें आहे. वस्ती सुमारें ३,००० माणसांची. वेल्श भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थ ‘स्टीफनच्या पुलाजवळचें पीटरचें देवालय’ असा होतो. पूल, देवालय आणि बाजार एवढ्यावरच या गांवाचा संसार कित्येक शतकें चालला. आसपासचे शेतकरी येथें गुरें व लोंकर विकीत. येथील घोड्यांची जत्रा तर दूरवर प्रसिद्ध होती. अशा आडबाजूच्या गांवीं विद्यापीठाची पदवी मिळावी, ही गोष्ट नवलाचीच होय.

याचें कारण दारिद्र्य. वेल्समध्यें त्या काळीं एकही विद्यापीठ नव्हतें, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचा खर्च गरीब वेल्श तरुणांस झेपत नसे. सेंट डेव्हिड्सचे बिशप टॉमस बर्जेस यांनीं धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीं वर्षानुवर्षें वर्गणी गोळा केली. हारफर्ड नामक जमीनदारानें जुन्या किल्ल्याची जागा दिली, १८२२ सालीं पाया घातला गेला आणि १ मार्च १८२७ रोजीं विद्यालय उघडलें. १८५२ व १८६५ च्या सनदांनीं त्यास पदव्या देण्याचा अधिकार मिळाला.

त्याच्या ग्रंथसंग्रहाची कथा हिंदुस्थानाशीं जोडलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य टॉमस फिलिप्स यांनीं येथें द्रव्य मिळविलें, आणि स्वदेशीं परतल्यावर कित्येक वर्षें पेट्याच्या पेट्या भरून २२,००० हून अधिक ग्रंथ लॅम्पीटरला पाठविले. लँडव्हरीचें विद्यालयही त्यांनींच स्थापिलें. याच दोन विद्यालयांमध्यें १८६६ सालीं रग्बीचा सामना झाला. वेल्समधील नोंद असलेला तो पहिला सामना मानतात.

प्रवाशास आजही येथें पुष्कळ पाहतां येतें : वास्तुविशारद कॉकरेल यांनीं ऑक्सफर्डच्या धर्तीवर बांधलेला चौक, त्यामागें उभा असलेला नॉर्मन किल्ल्याचा मातीचा उंचवटा, नदीवरील पूल, आणि कांहीं मैलांवर डोलाउकोथी येथील रोमनकालीन सोन्याच्या खाणी.

रेल्वेची उतारूगाडी मात्र १९६५ सालीं बंद झाली. १९७१ सालीं विद्यालय वेल्स विद्यापीठांत सामील झालें, आणि २०१० सालीं कारमार्थनच्या संस्थेशीं त्याचें एकीकरण झालें. विद्यार्थी घटत गेले, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत पदवीचे वर्ग कारमार्थनला हलविण्यांत आले. विद्यार्थी म्हणजे दुकानदाराचें गिऱ्हाईक, घरमालकाचें भाडें आणि संध्याकाळच्या रस्त्यावरची वर्दळ. जें विद्यालय दूरच्या विद्यापीठांत जाऊं न शकणाऱ्यांसाठीं गांवांत आलें, त्याचेच वर्ग दोनशें वर्षें पुरीं होण्याआधीं गांवांतून गेले. बाजारानें वाढविलेल्या गांवास विद्येनें कीर्ति दिली. आतां त्या चौकाचें चीज कसें करावयाचें, हा प्रश्न लॅम्पीटरच्या नागरिकांपुढें उभा आहे.