बोटीच्या गाद्या-पडद्यांची निगा : कारागीर बंधूंसाठी कामाच्या चार गोष्टी

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो की सगळ्यांचे लक्ष समुद्राकडे असते. ज्या गादीवर आपण बसलो तिच्याकडे कोणी बघत नाही. आम्हां कापडवाल्यांची नजर मात्र आधी तिथेच जाते. शिवण उसवली आहे का, रेक्झिनला तडे गेले आहेत का, हात दाबला तर ओल वर येते का?

बोटीच्या गाद्या, पडदे, छत आणि आतली साफसफाई हा एक स्वतंत्र धंदा आहे. मुंबई आणि मांडव्यात, तसेच पणजीला मांडवी नदीवर प्रवासी आणि हौशी बोटी आहेत. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. गादीकाम, सोफाकाम, शिवणकाम जाणणारे हात आपल्या समाजात भरपूर आहेत. पण हे काम घरच्या सोफ्यासारखे समजून हाती घेतले तर नुकसान ठरलेले. हे मी स्वतः ठोकर खाऊन शिकलो आहे.

एका दोऱ्याची किंमत

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कारागिराला एका खासगी बोटीच्या गाद्या शिवायचे काम मिळाले. रेक्झिन त्याने माझ्याकडून घेतले, चांगल्या प्रतीचे. दोरा मागितला तेव्हा दुकानात होता तो जाड सुती दोरा मी दिला आणि वर म्हणालो, ‘मजबूत आहे, घेऊन जा.’ काम सुरेख झाले. एक पावसाळा गेला आणि टाके या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटले. मालकाने त्याची राहिलेली मजुरी अडवली. तो एक गादी घेऊन माझ्याकडे आला. ‘चाचा, कापड तर नवेच आहे, मग टाके कसे गेले?’

मी दोरा ओढला. तो भिजलेल्या कागदासारखा बोटात तुटला. ओल आणि बुरशीने सुती दोरा कुजतो, ही साधी गोष्ट जन्मभर कापड विकणाऱ्या माझ्या ध्यानात आली नव्हती. चूक माझी होती आणि बोल त्याला लागला. मी पॉलिएस्टरचा दोरा दिला, पुन्हा शिवण्याची मजुरीही दिली. पण पुढचे काम त्या मालकाने दुसऱ्याला दिले. दोऱ्यात वाचलेले पैसे थोडे, गेलेले गिऱ्हाईक मात्र परत आले नाही.

खरा दुश्मन मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पाणी उडून जाते, मीठ कापडात आणि फोममध्ये राहते. हे मीठ हवेतली ओल ओढून घेते, म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेली गादी कितीही उन्हात ठेवली तरी संध्याकाळी पुन्हा दमट लागते. शिवाय मिठाचे कण वाळूसारखे कापड आणि टाके घासतात.

म्हणून पहिला नियम असा : साबणाच्या आधी गोडे पाणी. गादीला खारे पाणी लागले असेल तर आधी गोड्या पाण्याने मीठ काढावे, मगच बाकी सफाई करावी. आतल्या लाकडी भिंती, कपाटे, हँडल हेही गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावेत.

कापड ओळखून सफाई

रेक्झिन : कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरते. अंगाला लावलेली क्रीम आणि डोक्याचे तेल यांचे डाग लगेच धुवावेत, मुरले की निघत नाहीत. थिनर, रॉकेल किंवा ॲसिटोन कधीही लावू नये. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात जो तेलकट अंश घातलेला असतो तो यांनी निघून जातो. त्या दिवशी डाग गेलेला दिसतो, पण पुढे तिथेच रेक्झिन कडक होऊन तडकते.

ॲक्रिलिक कापड : छत आणि बाहेरच्या गाद्यांसाठी जे भारी ॲक्रिलिक वापरतात, त्याच्या तंतूतच रंग मिसळलेला असतो, वरून चढवलेला नसतो. त्यामुळे त्यावर बुरशी आली तर ब्लीच चालते. सुमारे ४ लिटर पाण्यात १ कप ब्लीच आणि पाव कप सौम्य साबण घालून लावावे, १५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि मग भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. साध्या रंगवलेल्या सुती कापडावर हाच प्रयोग केला तर रंग जाईल. कापड कोणते ते कळत नसेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे.

एक ताकीद : ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि बोटीची खोली लहान व बंद असते. तसेच पेट्रोलने डाग काढू नयेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते.

खिडक्या : प्लास्टिकच्या पारदर्शक खिडक्यांना स्पिरिट किंवा काच पुसण्याचे अमोनियाचे द्रावण लावू नये, बारीक चिरा पडतात. आधी पाणी ओतून मीठ काढावे, नंतर मऊ फडके फिरवावे.

नवे काम घेताना

धुण्यापेक्षा सुकवणे महत्त्वाचे, आणि सुकण्याची सोय शिवतानाच करावी लागते. साधा फोम स्पंजासारखा पाणी पितो. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जाते. काही कारागीर फोमला प्लास्टिक गुंडाळतात, पण शिरलेले पाणी मग बाहेर येत नाही आणि आत कुबट वास धरतो. बाहेरच्या बाकांसाठी पाणी न पिणारा बंद छिद्रांचा फोम किंवा पाणी पटकन सोडणारा मोठ्या छिद्रांचा फोम घ्यावा. गादीच्या तळाला जाळीचे कापड लावावे आणि खालच्या प्लायवूडला भोके पाडावीत.

दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. चेन प्लास्टिकच्या दातांची असावी. पिना आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, लोखंडाचे असतील तर त्यांचे लाल डाग आयुष्यभर जात नाहीत.

बाकाखालची जॅकेटे

गादी उचलली की बहुधा खाली लाइफ जॅकेटे सापडतात, अनेकदा ओली आणि बुरशी आलेली. ती आपली जबाबदारी नाही असे म्हणू नये. गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावीत, ब्लीच किंवा पेट्रोल लावू नये. पट्टे फाटले असतील तर मालकाला तसे स्पष्ट सांगावे. जॅकेटांची उशी किंवा बैठक करू नये, दाबून दाबून त्यांची तरंगण्याची ताकद कमी होते. गादीतली चूक पैशाने भरून निघते, ही निघत नाही.

हंगाम आपला

गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. बोटींचा हा विसाव्याचा काळ म्हणजे गादीकामाचा हंगाम. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, आणि बंद खोलीत बुरशीला एवढे पुरेसे होते. तेव्हा मालकांना मे महिन्यातच भेटावे. गाद्या, पडदे, गालिचे बोटीतून काढून घरी किंवा दुकानात आणावेत, धुवून पूर्ण वाळवावेत आणि जमिनीपासून वर, उभ्या ठेवाव्यात. जे बोटीतच राहील ते भिंतीला टेकू देऊ नये, कपाटांची दारे उघडी ठेवावीत. सप्टेंबरपूर्वी उसवलेले टाके घालून माल परत द्यावा. वर्षाचे असे बांधलेले काम एकदाच्या मोठ्या कामापेक्षा बरकतीचे असते.

शेवटी एक विनंती. कोणता फोम, कोणता दोरा, कोणते कापड वापरले ते बिलावर लिहून द्या. स्वस्त मालाचा आग्रह मालकाने धरला तर तो किती टिकेल ते आधीच तोंडावर सांगा. आणि माझ्यासारख्या दुकानदाराने ‘मजबूत आहे’ म्हटले तर लगेच विश्वास ठेवू नका, दोरा कशाचा आहे ते विचारा. तो प्रश्न त्या दिवशी विचारला गेला असता, तर एका मेहनती माणसाचे गिऱ्हाईक वाचले असते.