चर्चमधली पेटी गावच्या मेळाव्यात

मेळावा म्हटला की स्वागतगीताला शाळेची मुलं ठरलेली. गेल्या जागतिक मृदा दिनी, ५ डिसेंबरला, राहुरी तालुक्यातल्या एका गावात मात्र पेटी वाजली. वाजवणारा दोन एकर कांदा करणारा शेतकरी. दर रविवारी चर्चमध्ये वाजवतो. बाहेर कधीच नाही.

"तिथं समदे संगं म्हणत्यात, चूक झाकून जाती. इथं नुसते बघतील," तो म्हणाला. खरी धास्ती वेगळी होती : गाव आपलं म्हणून ऐकेल का?

पहिल्याच कडव्याला बोटं अडखळली, भाता हलवायचा राहिला, सूर बसला. तेवढ्यात हरिपाठाच्या एका आजोबांनी टाळ धरला आणि लय सापडली. भजन रेव्हरंड ना. वा. टिळकांचं (१८६१–१९१९). छंद अभंगाचा, म्हणून टाळकऱ्यांना परका वाटला नाही. टिळक काही काळ राहुरीलाच राहत होते.

शेवटी आजोबा एवढंच बोलले, "सप्त्याला पेटी घेऊन ये."

सरपंच, सदस्य मंडळींनो, पुढच्या कार्यक्रमाला बाहेरून कलाकार बोलावण्याआधी गावात विचारा. नमुना काढल्याशिवाय जमिनीत काय आहे कळत नाही. माणसांचंही तसंच आहे.