महापुरांत बिनतारी टपाल

पंचगंगेचा पूर करवीर प्रांतास नवा नाहीं. राजाराम बंधाऱ्यापाशीं पाणी 39 फुटांस आलें म्हणजे इशारा व 43 फुटांस आलें म्हणजे धोका, हें गणित नदीकांठच्या शेतकऱ्यांस पाठ आहे. परंतु 2019 च्या ऑगस्टांत हेंच पाणी 55 फुटांवर गेलें, व 2021 च्या जुलैंत पुन्हा तोच प्रसंग आला. पुणें-बंगळूर हमरस्ता बंद पडला, गांवोगांवची वीज गेली. वीज गेल्यावर मोबाईलचे मनोरे बॅटरी किंवा डिझेल पुरेल तोंवरच चालतात. मग ज्यास मदत हवी, त्यास ती मागतांच येत नाहीं.

या अडचणीवर हौशी बिनतारी, म्हणजेच हॅम रेडिओ, हा एक उपाय आहे. 1993 सालीं किल्लारीस व 2001 सालीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां या हौशी मंडळींनीं आपलीं यंत्रें नेऊन निरोप पोंचविले. तोंडी निरोपांत मात्र एक उणेपणा असतो. औषधाचें नांव किंवा माणसांची यादी ऐकणाराच्या कानावर अवलंबून राहते. यास्तव बिनतारीवरून ईमेल पाठविण्याची युक्ति निघाली. ‘विनलिंक’ ही स्वयंसेवकांनीं चालविलेली, अनेक देशांत पसरलेली अशी व्यवस्था होय.

तिची रीत अशी. संगणकावर मजकूर लिहावा; मोडेम त्या अक्षरांचे सूर बनवितो व रेडिओ ते आकाशांत सोडतो. सात मेगाहर्ट्झच्या लाटेसाठीं सुमारें 66 फूट तार, फार उंच न बांधतां, आडवी ताणली तर लाटा वर जाऊन आकाशांतील विद्युद्भारित थरावरून परततात व दूरवरच्या टापूंत उतरतात. मध्यें डोंगर असला तरी हरकत नाहीं. रात्रीं हा थर पालटतो, तेव्हां अधिक लांबीची लाट घ्यावी लागते. पुराबाहेरील ज्या केंद्रास इंटरनेट आहे, तें केंद्र पत्र उचलून नेहमींच्या ईमेलप्रमाणें पुढें धाडतें. एखादा तुकडा बिघडल्यास यंत्र तो पुन्हा मागून घेतें. विजेचें म्हणाल तर बारा व्होल्टची ट्रॅक्टरची बॅटरीही रेडिओस चालते.

मर्यादाही ध्यानांत घ्याव्या. वेग फार थोडा. छायाचित्रें पाठविण्याचा हव्यास धरूं नये. केंद्र सरकारची परीक्षा व परवाना यांवांचून यंत्र चालवितां येत नाहीं. व्यापारी निरोपांस मनाई आहे. गुळाचा भाव विचारण्यास हें टपाल नव्हे.

पुराचा निरोप थोडक्यांत असावा: गांव, अडकलेलीं माणसें, आजारी कोण, गुरें किती, वैरण किती दिवसांची. उलट, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी याच वाटेनें गांवांत आली, तर गोठा वेळीं मोकळा करितां येईल. 2019 सालीं गुरांच्या मायेनें कित्येकांचा पाय घरांतून निघाला नाहीं, हें आपण जाणतांच.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाहीं. नदीकांठच्या प्रत्येक सेवा सोसायटीनें आपल्यांतील एकदोन तरुणांस परीक्षेस बसवावें, पुराबाहेरील एखाद्या परवानाधारकाशीं आधींच बोलून ठेवावें, व मृगापूर्वीं दर आठवड्यास एक पत्र धाडून सराव करावा. सराव असला तरच ऐन पुरांत हें टपाल पोंचेल.