मक्याच्या शेतातला वर्ध्याचा पांडुरंग

देवळ्याकडे सध्या जिथं बघावं तिथं कांदा नाहीतर मका. मका म्हटलं की आम्हाला एका मराठी माणसाची गोष्ट आठवते. तीच आज सांगतो.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८४, वर्ध्याचा. इंग्रजांना हाकलायचं हे डोक्यात पक्कं. त्यासाठी तरुणपणीच घर सोडलं आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. त्या काळी पंजाबातले कितीतरी मजूर कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत राबत होते. खानखोज्यांनी त्यांच्याशी नातं जोडलं, आणि सोबत शेतीचं शिक्षणही घेतलं. १९१३ मध्ये तिथल्या हिंदी लोकांनी गदर पक्ष उभा केला, त्यात हे होते. पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांशी लढले. मग मायदेशी यायची वाटच बंद झाली.

१९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले. मका मूळचा तिथलाच. आपल्याला जशी भाकरी, तशी त्यांना मक्याची पोळी. चापिंगोच्या शेतकी शाळेत ते शिकवू लागले आणि मक्याची नवी वाणं तयार करू लागले.

हे कसं करतात? मक्याच्या शेंड्याला तुरा असतो, तो नर. कणसाचं रेशीम ती मादी. रेशमाचा एक धागा म्हणजे एक दाणा. कणसावर पिशवी बांधून दुसरा पराग येऊ द्यायचा नाही आणि निवडलेल्या झाडाच्या तुऱ्याचा पराग त्यावर झटकायचा. असा संकर जमतो. त्यांनी मक्याचा संकर त्याच्या रानटी भाऊबंदाशीही करून पाहिला.

नुसतं बियाणं करून ते थांबले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकारानं मेक्सिको शहरातल्या एका सरकारी भिंतीवर, सगळ्यांना भाकरी वाटणारा माणूस म्हणून त्यांनाच रंगवलं.

देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले, नागपूरला राहिले. १९६७ मध्ये वारले.

आता खरं सांगायचं ते हे. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली, त्यात त्यांच्या लेकीचा मोठा वाटा. सावित्री साहनी यांनी वडिलांच्या आठवणी जमवून पुस्तक लिहिलं.

आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, आजीच्या आईचं नाव कोणाला माहीत आहे? वीस जणींत तिघींनी हात वर केला. आमच्यातल्या एक आजी बियाण्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या, धुरानं कीड लागत नाही म्हणायच्या. कोणती कणसं निवडायच्या, हे विचारू विचारू म्हणता त्या गेल्या. आता कोणाला विचारणार?

म्हणून आम्ही बचतीच्या वहीमागं पानं जोडली. प्रत्येकीनं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चारच गोष्टी विचारायच्या: तुमचं माहेर कुठलं, दुष्काळात काय खाल्लं, कामासाठी कुठं कुठं गेलात, बियाणं कसं राखलं. सांगतील तसंच, अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच लिहायचं. लिहिता येत नसेल तर नातीला लिहायला बसवा.

आपल्या आज्या मेक्सिकोला गेल्या नसतील. पण ऊसतोडीला गेल्या, धरणाच्या कामावर गेल्या, घर तगवलं. तेही लिहिण्याजोगंच आहे. आज संध्याकाळी भाकरी थापताना एक प्रश्न विचारून बघा.