जैसलमेरला जाताय? किल्ल्यात राहायचं की पायथ्याशी, आधी हे वाचा

दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानची टूर ठरली की मुंबई-पुण्यातल्या अनेक कुटुंबांच्या यादीत जैसलमेर येतंच. सोनेरी दगडाचा किल्ला, वाळूच्या टेकड्या आणि उंटावरचा फोटो. हॉटेल शोधताना ‘थेट किल्ल्यात राहा’ असा पर्यायही दिसतो आणि तो मोहात पाडतो. पण याच मुक्कामांमुळे किल्ल्याला धोका वाढतो, असं वारसा जपणारे लोक गेली जवळपास 30 वर्षं सांगत आहेत.

नेमकी अडचण काय?

रावळ जैसल यांनी 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. 2013 मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांसोबत तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्याचं वेगळेपण म्हणजे तटबंदीच्या आत आजही काही हजार लोक राहतात. घरं, जैन मंदिरं, किराणा दुकानं, सगळं आतच.

अडचण पाण्याची आहे, तीही वाळवंटात! इथे वर्षाला साधारण 200 मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. पूर्वी पाणी गडीसर तलावातून डोक्यावर वाहून आणावं लागे, त्यामुळे सांडपाणी फारसं नसायचंच. पावसाचं पाणी बाहेर काढायला ‘घुट नाली’ ही जुनी व्यवस्था होती. पुढे नळ आले, पर्यटक आले, घरांची गेस्ट हाऊस झाली आणि प्रत्येक खोलीला बाथरूम जोडलं गेलं. शॉवर आणि फ्लशचं पाणी गळून टेकडीत मुरू लागलं. ही टेकडी सह्याद्रीसारख्या काळ्या कातळाची नाही. खाली ठिसूळ गाळाचा खडक आणि माती आहे. ती भिजली की वरच्या भिंतींचा आधार सुटतो.

किल्ल्याच्या 99 बुरुजांपैकी काही ढासळले आहेत. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने 1996 मध्ये त्याचा धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत समावेश केला. ऑगस्ट 2024 मध्ये जोरदार पावसात तटबंदीच्या भिंतीचा एक भाग कोसळला.

मग किल्ल्यात राहणाऱ्यांच्या रोजगाराचं काय?

इथेच पेच आहे. गेस्ट हाऊस चालवणारी बरीच कुटुंबं किल्ल्यातलीच आहेत. त्यांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही आणि गळकी गटारं दुरुस्त करणं हे पर्यटकाचं कामही नाही. पण पाणी किती वापरायचं, हे त्याच्या हातात आहे. मुक्काम पायथ्याच्या जुन्या शहरात करावा आणि पैसे वर खर्च करावेत, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. जेवण किल्ल्यातल्या घरगुती खानावळीत, खरेदी तिथल्या दुकानात, सोबत स्थानिक परवानाधारक गाईड. किल्ल्यातच राहायचं असेल, तर बादलीने अंघोळ आणि कपडे धुणं परतल्यावर!

उंट की जीप?

शहरापासून 40 किलोमीटरवरच्या सम इथे तंबूंच्या रांगा आहेत. पॅकेजमध्ये उंट, जीप, जेवण, नाच असं सगळं एकत्र असतं, पण त्यातले किती पैसे उंटवाल्याला मिळतात, हे ग्राहकाला कळत नाही. ते विचारायला हरकत नाही. राजस्थानात 2012 मध्ये सुमारे 3.26 लाख उंट होते, 2019 च्या पशुगणनेत 2.13 लाख उरले. शेतीत आणि वाहतुकीत उंटाची गरज घटली, त्यामुळे सफारीची कमाई पाळणाऱ्यांसाठी मोलाची. जीपने वाळू उडवत जाण्यात ती कमाई होत नाही. गर्दी नको असेल तर खुहडी (खुरी) गावात घरगुती मुक्कामाची सोय होते.

गाणाऱ्यांना काय मिळतं?

तंबूतल्या कार्यक्रमात स्पीकरवर हिंदी सिनेमाची गाणी वाजतात, तेव्हा शेजारी बसलेला कलाकार अनेकदा मांगणियार समाजाचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी लग्न-जन्माची गाणी गाणारा हा मुस्लिम समाज. कमायचा हे त्यांचं तंतुवाद्य. हमीरा गावचे कमायचावादक साकर खान यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली होती. अशा कलाकारांना फर्माईश करताना एखादं पारंपरिक गाणं मागावं, स्पीकर बंद ठेवायला सांगावं आणि बिदागी थेट त्यांच्या हातात द्यावी. मॅनेजरकडे दिलेली टिप त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

कधी जावं?

ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव असतो, तेव्हा खोल्या महागतात. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस गेलं, तर दुकानदाराला आणि गाईडला बोलायलाही वेळ असतो.